बावीस तास

४ डिसेंबर

आज शिवांजलीच्या दातांवरच्या तारा निघाल्या! दोन वर्षं अन् वर चार महिने पोरीनं तोंडात तार वागवली. पेरू न्हाई, ऊस न्हाई, हुरड्याच्या दिवसांत सुद्धा बिचारी मऊ भात खाऊन राहिली. केजला दाताच्या डॉक्टर हायत, स्वप्नाली मॅडम. त्यांनी एवढुशा पकडीनं कटाकटा तारा काढल्या, दात पुसले अन् तिच्या हातात आरसा दिला. पोरगी आधी बघतच राहिली. मंग हसली. काय सांगू, जोंधळ्याच्या कणसात दाणे भरावेत तशी ओळ! मी तिथंच खुर्चीपाशी कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढली. मॅडम म्हणल्या, "आजी, दृष्ट लागू द्यायची नसेल तर आता हे घालायचं," अन् एक डबी उघडली.

डबीत दातांच्या आकाराचं पारदर्शक प्लास्टिक होतं. एक वरच्या ओळीचं, एक खालच्या. पेढ्याच्या पुड्यावर झाकण असतं ना, तसल्याच जातीचं. त्याला रिटेनर म्हणतात. हे घातलं न्हाई तर दात हळूहळू आपल्या जुन्या जागी सरकतात म्हणे. म्हणजे दातालाबी माहेरची ओढ असती तर!

चोवीस तासांतले बावीस तास तोंडात पाहिजे. जेवायला तेवढं काढायचं, गार पाण्यानं धुवायचं. गरम पाणी बिलकुल न्हाई, वाकडं होतं. मी म्हणलं, "मॅडम, आमी लिंगायत. गळ्यातलं लिंग आमी जन्मभर अंगावेगळं करीत न्हाई. हिला बावीस तासांचं काय जड जातंय?" मॅडमला हसू आवरेना.

निघताना त्यांनी शिवांजलीच्या दातांचा पांढरा साचा दिला. हुबेहूब तिचे दात, नुसती जीभ तेवढी न्हाई. म्हणल्या, "जपून ठेवा. रिटेनर तुटलं तर यावरून दुसरं करता येतं, तिला आणायला नको." मी तो पदरात गुंडाळून यष्टीत मांडीवर घेऊन बसले. बाजूची बाई विचारायली, काय हाय? म्हणलं, नात हाय.

अन् मॅडमनं सांगितलं, सहा महिने रोज किती तास घातलं ते लिहून ठेवा. शिवांजली म्हणली, "आजी, तूच लिही. बोलतीस तसंच लिही. तेवढाच टाइम तुझं तोंड बंद राहील." अशी चावट! तर मी नीलम्मा, चौथी पास, राहणार युसूफ वडगाव, आमच्या दुकानात आलेल्या बियाणे कंपनीच्या कोऱ्या डायरीत लिहिते हाय. चुकलं तर चुकलं.

आज संध्याकाळपासून घातलं, म्हणून सहा तास.

१२ डिसेंबर

आठवडाभर रोज बावीस तास. एक दिवस एकवीस, त्या दिवशी शेजारच्या भिवराबाईकडं हळदीकुंकू होतं, पोरगी खात बसली.

रिटेनर घातलं की तिला स म्हणता येत न्हाई. गावात लोक शाळेला साळा म्हणतात, ही पोरगी उलटी. "आजी, शाखर शंपली." बसवेश्वर म्हणजे माझा ल्योक, हिचा बाप, दुकानात गिऱ्हाईक असलं की तिला हसत हसत आत पिटाळतो. मला आपलं बरं. तोंडात बघायला नको, ऐकलं की कळतं घातलंय का न्हाई ते.

हा दाताचा हट्ट माझाच. तिचे वरचे दात पुढं होते. लग्नाच्या तीन जागा त्याच्यावरनं परत गेल्या. एका बाईनं तर चहा पिऊन झाल्यावर तोंडावर सांगितलं. बसवेश्वर म्हणला जाऊ दे, बबिता म्हणजे माझी सून रडत बसली, अन् मी म्हणलं, दात सरळ करून मिळतात, टीव्हीत दाखवतात. दात काय असतात ते दात नसणाऱ्याला विचारावं. माझे वरचे समोरचे दोन दात मी बावीस वर्षांची असतानाच गेले. मागं अंगणात हौद होता, त्याच्या कडेवर तोंडावर आपटले. तवापासून पदर तोंडावर. फोटोत बी, लग्नाकार्यात बी. लोक म्हणायचे नीलम्मा लई मर्यादेची. शिवांजलीचे आजोबा, बसप्पा, यांनी मंग महिनाभर माझ्यासाठी केळी आणली. मनानं चांगले होते. राग तेवढा नाकावर. आता त्यांचा फोटो हाय अन् हौद बी न्हाई. बसवेश्वरनं हौद बुजवून त्याच्यावर गोदाम बांधलं.

कुठनं कुठं गेले. बावीस तास.

४ जानेवारी

सोयरिक जमली! शिरूर कासारचं घर, आपल्यातलंच, भांड्यांचं मोठं दुकान. मुलगा मन्मथ, गोरा, उंच, हातात कडं. आई साखराबाई. लई व्यवस्थित बाई, आल्या आल्या पायपुसणं सरळ केलं.

साखराबाई म्हणल्या, "हस गं बाई जरा." शिवांजली हसली. रिटेनर तोंडात होतं तरी कुणाला कळलं न्हाई, एवढं पारदर्शक. मी दाराआड उभी राहून मनात म्हणलं, बघा, बघून घ्या. शिक्षण विचारलं. पोरगी म्हणली, "बी.कॉमचं शेवटचं वर्ष. परीक्षा एप्रिलात हाय, शंपूर्ण करायचंय."

मन्मथ तेवढ्यात बोलला. "हिला बोलताना शिट्टी वाजती का?"

सगळे खो खो हसले. शिवांजलीनं आत जाऊन ते काढून डबीत ठेवलं अन् मंग पुढं सगळं स्पष्ट बोलली. थट्टेखोर जावई बरा असतो, घर हसतं राहतं. परीक्षेचं साखराबाई म्हणल्या, "तिकडून देईल की, आमी काय बांधून ठेवणार हाय का?"

पावणे गेल्यावर शिवांजली माझ्याजवळ बसली. म्हणली, "आजी, तुला आवडला?" मी म्हणलं, "मला न आवडायला काय झालं? तीन जागांनी तुझे दात बघून तोंड फिरवलं होतं, हे लोक दात बघून हो म्हणले." ती मान खाली घालून डबीचं झाकण उघडझाप करत बसली. लाजली असंल.

वीस तास.

२३ फेब्रुवारी

काल लग्न झालं. दोन दिवस पंगतीत उभी होते. स्वामींनी विधी मन लावून केला. पोरीनं फोटोत प्रत्येक वेळी दात दाखवले. सत्तर जणांत एकटी मी पदर धरून.

पाठवणीच्या वेळी मी डबी तिच्या पिशवीत कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवली अन् जावयाला सांगितलं, "मन्मथराव, एवढं ध्यान ठेवा. बावीस तास तोंडात पाहिजे. जेवताना तेवढं काढायचं."

जावई म्हणला, "म्हणजे बावीस तास हिचं तोंड बंद? मंग तर बरंच हाय की आजी!"

मांडवात एकच हशा झाला. मीच सगळ्यांत जास्त हसले.

शिवांजली गाडीत बसताना माझ्या कानात म्हणली, "आजी, शांभाळ." मला हसू अन् रडू एकदमच आलं.

६ मार्च

फोन आला. फोन सासूचाच असतो, अन् सगळ्यांना ऐकू येईल असा लावतात. एकत्र कुटुंब, लपवाछपवी न्हाई. मागनं साखराबाईंचा आवाज येतो, "सांग, बरी हाय म्हण." मंग ही म्हणती, "बरी हाय आजी. शगळे चांगले हायत." श आला की मी खूश. घातलंय!

बावीस तास लिहिते. तिकडचं मला काय दिसणार, पण आवाजावरनं लिहिते.

२९ मार्च

रिटेनर वाकडं झालं! साखराबाईंनी उकळत्या पाण्यात टाकलं. उष्टं प्लास्टिक देवघराच्या खोलीत नको म्हणून शुद्ध करायला घेतलं म्हणे. त्यांची चूक न्हाई, त्यांना कोण सांगणार गरम पाण्याचं. मी जावयाला तास सांगितले, पाण्याचं सांगायचं राहिलं. माझीच चूक.

मी साचा घेऊन केजला गेले. मॅडमनं त्याच्यावर नवं करून दिलं, तीन दिवसांत. बसवेश्वर दुकानाचा माल आणायला बीडला जाणारच होता, तसाच पुढं शिरूरला जाऊन देऊन आला. सोबत मी शेंगदाण्याचे लाडू दिले. पोरीची भेट झाली न्हाई, ती शेजारी कुठंतरी गेली होती म्हणे. बसवेश्वर तासभर दुकानात बसला, चहा झाला, जावई चांगला बोलला.

मी त्याला म्हणलं, "अरे, थांबायचं की अजून तासभर."

"अव्वा, लोकांच्या घरी किती बसावं?" आईला अव्वाच म्हणतो तो.

ते बी खरंच.

२१ एप्रिल

शिवांजली आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आली होती, आज गेली. पाच दिवस राहणार होती, दोनच राहिली. जावई अचानक न्यायला आला. करमत न्हाई त्याला. भिवराबाई म्हणली, "नीलम्मा, एवढी घाई बरी न्हवं." ही बाई शेजारी राहती, तिला दुसऱ्याचं चांगलं बघवत न्हाई.

पण पोरगी कशी मर्यादेची झाली बघा. घरात सुद्धा पदर तोंडावरनं खाली घेत न्हाई. मी म्हणलं, "अगं, एवढे दात करून घेतले ते झाकायला का?" तर पदराआडनं म्हणली, "सवय लागली आजी."

तिच्या पिशवीत डबी होती, डबीत रिटेनरचे दोन तुकडे. वरचं मधोमध फुटलेलं. म्हणली, "हातातनं पडलं." मंग थोड्या वेळानं बबिता न्हाणीकडं गेली तवा म्हणली, "मी न्हाणीत घसरले, तवा फुटलं." वरच्या ओठावर सूज होती, जुनी, पिवळी पडलेली. मी हळद लावली. म्हणलं, "आपल्या घरच्या बायका लई घसरतात बाई." अन् हसले. ती हसली न्हाई.

परीक्षेचं विचारलं. म्हणली, "न्हाई दिली." कावून? "जमलं न्हाई."

भिवराबाई दारात उभी राहून मला म्हणती, "नीलम्मा, पोरीच्या नाकाखाली हिरवं दिसतंय. घसरून हिरवं नाकाखाली होत न्हाई, ढोपराला होतं." मी म्हणलं, "तुला डॉक्टरकी कुणी शिकवली?" तिच्याशी बोलणं टाकलं मी.

जीपमध्ये बसताना शिवांजलीनं माझा हात धरला तो सोडेचना. जावई म्हणला, "चल गं, ऊन होतंय." मीच तिची बोटं एकेक सोडवली. म्हणलं, "जा बाई, पंचमीला येशील की." अन् जावयाला म्हणलं, "नवं रिटेनर करून ठेवते, पुढच्या खेपेला न्या. तवर दात सरकले तर मला बोल लावू नका."

जावई म्हणला, "सरकले तर सरळ करू आमी."

२७ एप्रिल

केजला जाऊन फुटलेलं दाखवलं अन् साच्यावरनं नवं करायला दिलं होतं, ते आज आणलं. मॅडमनं तुकडे उजेडात धरून लई वेळ बघितले. "आजी, हे तोंडात असताना फुटलंय का?"

"न्हाई मॅडम, हातातनं पडलं."

"हातातून पडून इतकं जाड प्लास्टिक असं मधोमध फुटत नाही सहसा. तिला एकदा घेऊन या. लवकर."

डॉक्टर लोकांना पेशंट फिरून फिरून यायला पाहिजे असतात. नवी डबी फडताळात ठेवली, साच्याशेजारी. ऊन मरणाचं हाय. यष्टीत एक बाई कोंबडी घेऊन बसली होती, तिनं वडगाव येईस्तवर माझ्या पायावर चोच मारली.

९ मे

आज किती दिवसांनी फोन आला! पंधरा दिवस झाले होते. साखराबाई म्हणल्या, बोला तुमच्या नातीशी. शिवांजली म्हणली, "आजी, बरी हाय. शगळं बरं हाय. तू कशी हायश?"

स नीट नव्हता. मी म्हणलं, "शाब्बास माझी बाय! घातलंय ना? आवाजावरनं ओळखलं मी!" मंग म्हणली, "हं." फोन कट झाला.

बावीस तास.

तेच पान, दुपार.

मीठ काढायला फडताळ उघडलं.

डबी इथंच हाय. मी उघडून बघितली. वरचं हाय, खालचं हाय. आणल्यापासून घरातनं बाहेर गेलंच न्हाई. जुनं वरचं फुटलेलं मॅडमकडं हाय. तिच्याजवळ वरचं काहीच न्हाई.

मंग स कुठं गेला तिचा?

मी डबी हातात घेऊन उभी होते. बबितानं विचारलं, "आत्याबाई, काय झालं?" मी डबी मिटली. माझा बी स बाविसाव्या वर्षी गेला होता. सहा महिने लोक मला पुन्हा बोल म्हणायचे.

वरचे बावीस तास खोडले.

१९ मे

काल शिरूरला जाऊन आले. बसवेश्वर म्हणला एकटी कुठं जातीस या उन्हात. म्हणलं, धोंड्याचा अधिक महिना लागलाय, लेकीला आणायचं अन् जावयाला वाणाला बोलवायचं, हे घरच्या म्हातारीनंच करायचं असतं. केज, बीड, शिरूर, तीन गाड्या बदलल्या. डबी कमरेच्या पिशवीत.

साखराबाईंनी दार उघडलं. चेहरा उतरला त्यांचा. म्हणल्या, "कळवायचं तरी." आतनं शिवांजली आली. पदर नाकापर्यंत. मी म्हणलं, "काढ." ती काढीना. मीच खाली केला.

समोरचा एक दात न्हाई. शेजारचा आत वळलेला. ज्या दातांसाठी पोरीनं दोन वर्षं ऊस खाल्ला न्हाई.

साखराबाई म्हणल्या, "पायऱ्यांवरनं पडली. धांदरटच हाय. आमीच दवाखाना केला."

चाळीस वर्षांपूर्वी माझी सासू माझ्या आईला हेच म्हणली होती. हेच शब्द. नुसत्या पायऱ्यांच्या जागी हौद.

मी भांडले न्हाई. भांडले असते तर तिला सोडली नसती. मी हसले, चहा पिले, त्यांची नवी पातेली बघितली, छान हायत म्हणलं. म्हणलं, "धोंड्याला लेक माहेरी पाहिजे. पुनवेला तुमी अन् जावईबापू या, तेहतीस अनारश्यांचं वाण देते, अन् मंग घेऊन जा." वाणाचं नाव निघाल्यावर त्या नरमल्या.

यष्टीत पोरगी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बीडपर्यंत झोपली. झोपेत तोंड उघडं पडत होतं. मी पदरानं झाकलं, मंग म्हणलं कुणापासनं झाकते मी? काढला.

२२ मे

मॅडमकडं नेलं. बसवेश्वरला मुद्दाम सोबत घेतलं. मॅडमनं नवं रिटेनर घालून बघितलं, ते बसेना. जिथं दात होता तिथं प्लास्टिकात नुसती रिकामी खोळ. मंग त्यांनी नवा साचा घेतला अन् जुना शेजारी ठेवला. डिसेंबरचे दात अन् मेचे दात.

मॅडम बसवेश्वरला म्हणल्या, "रिटेनर न घातल्यानं दात सरकतात, पडत नाहीत. हा दात मार बसून गेलाय. मी लिहून देऊ शकते. दोन्ही साचे पण देते."

बसवेश्वर दोन्ही साच्यांकडं बघत राहिला. मंग म्हणला, "नवीन दात बसवता येतो ना?"

"येतो. रिटेनरमध्येच खोटा दात बसवून देते तोपर्यंत. कुणाला कळणार नाही."

"मंग तेच करा. पुनवेच्या आत."

शिवांजली म्हणली, "मला नको."

घरी आल्यावर मी भाकरी करत होते, ती पीठ मळून देत होती. मान खाली घालून म्हणली, "आजी, मला तिकडं पाठवू नको. पुढच्या खेपेला मीच न्हाई राहिले तर दात अशून नशून काय उपयोग?"

मी बसवेश्वरला सांगितलं. तो म्हणला, "अव्वा, लग्नाला तीन महिने झाले. परत आणली तर कोण करतंय तिला? मी मन्मथशी बोलतो. दोन गोष्टी समजावून सांगतो." बबिता भिंतीकडं तोंड करून उभी होती.

समजावून सांगतो. माझा बाप बी आला होता समजावायला. जेवून गेला.

रिटेनर शून्य तास.

३१ मे, अधिकाची पुनव

सकाळी अनारसे तळले. तेहतीस मोजून तांब्याच्या ताटात रचले, वर दिवा ठेवायची जागा सोडली. हात आपली कामं करतात, सवय असते.

अकराला जीप आली. मन्मथ पांढऱ्या कपड्यांत, साखराबाई काठापदराच्या लुगड्यात. बसवेश्वरनं पाय धुवायला पाणी दिलं. बैठकीत दोघं बोलले. मी आतनं ऐकत होते.

"जावईबापू, जरा सांभाळून घ्या. नवी हाय."

"मामा, मी काय बोललो का? पडली ती."

"बरं बरं. पडली."

संपलं समजावणं. बबितानं रडत रडत पोरीची पिशवी भरली, बसवेश्वरनंच ती जीपमध्ये नेऊन ठेवली. शिवांजली चुलीपाशी बसून होती. रडत नव्हती. तेच बघवेना मला.

मी बसवेश्वरला म्हणलं, "गोदामात ये. तेलाचा डबा काढून दे." तो आला. मी दार लोटलं. पोत्यांचा वास, खाली फरशी, अन् फरशीच्या खाली तो हौद. मला वाटलं होतं मरेस्तवर हे बोलायचं न्हाई. याचा बापावर जीव. रोज दुकान उघडताना आधी फोटोला हात जोडतो.

मी म्हणलं, "बसू, माझे दात हौदावर पडून गेले न्हाईत."

तो डबा उचलत होता, तसाच वाकून राहिला.

मी म्हणलं, "तुझ्या बापानं..."

"अव्वा, तो हौद मी बुजवलाय," तो म्हणला. "माझ्या हातानं. जमिनीसपाट होता तो. कडच नव्हती त्याला."

मी पोत्यावर बसले. वीस वर्षं झाली हौद बुजवून. वीस वर्षं ह्यानं माझ्या तोंडून हौदाची कड ऐकली.

"मंग कावून बोलला न्हाईस रे?"

"तू बोलली न्हाईस म्हणून."

"आता बोलले. आज तिला पाठवलीस तर तीबी अशीच पोत्यावर बसून सांगंल. तुझ्याबद्दल."

तो बाहेर गेला. मी मागं मागं. जीपजवळ जाऊन त्यानं पिशवी काढली अन् ओसरीवर आणून ठेवली. मन्मथ पाटावर बसून पुरणाचे धोंडे खात होता, म्हणला, "मामा, हे काय?"

"जेवण पुरं करा. पोरगी येणार न्हाई."

साखराबाई ताटावरनं उठल्या. "दातपडकी पोरगी घेऊन बसा मंग घरात! कोण बघतंय आता तिच्याकडं!"

शिवांजली चुलीपासनं उठून दारात आली. पदर खांद्यावर. तोंड उघडं. "मी बघते की," म्हणली. स नव्हता त्यात, म्हणून स्पष्ट आलं.

मन्मथ ओरडला, शिव्या दिल्या, जेवणाचं ताट लाथाडलं. गल्ली गोळा झाली. भिवराबाई पुढं येऊन उंबऱ्यात उभी राहिली, हातात लाटणं. मी तिच्याशी महिनाभर बोलत नव्हते. जीप गेली. पुन्हा येऊ, बघून घेऊ म्हणत गेली. येतील बी.

बसवेश्वर जेवला न्हाई. गोदामात जाऊन बसलाय, दार आतनं लावलंय. उद्या मॅडमकडनं लिहिलेला कागद अन् दोन्ही साचे आणायचे, मंग गावातल्या पोलीस ठाण्यात जायचं. तो येतो का न्हाई माहीत न्हाई. न्हाई आला तर मी अन् शिवांजली जाऊ. मी बी पदर घेणार न्हाई. मॅडमनं खोट्या दाताचं रिटेनर केलंय, शिवांजली म्हणती, ठाण्यातलं काम होईस्तवर घालायचं न्हाई. आधी त्यांनी बघू दे.

बसप्पांच्या फोटोला आज इभूत लावली न्हाई.

तेहतीस अनारसे ताटात तसेच होते. एक उचलून शिवांजलीला दिला. तिला तोडता येईना. वाटीत दूध घेऊन भिजवून खाल्ला. मंग मी बी एक भिजवला. दोघी तशाच बसलो.

रिटेनर: घातलं न्हाई.
पोरगी: चोवीस तास घरात.